चिनीभाषक विद्यार्थ्यांना ‘गेट’ कसं शिकवावं: नव्या शिक्षकासाठी

इंग्रजीतलं ‘गेट’ हे क्रियापद इतकं सर्रास वापरलं जातं की ते मुद्दाम शिकवावं लागतं हेच नव्या शिक्षकाच्या ध्यानात येत नाही. विद्यार्थी ‘आय गेट अप ॲट सिक्स’ बिनचूक म्हणतो आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पुढे महिनाभर त्याच्या बोलण्याकडे नीट कान दिला की कळतं, या एका वाक्यापलीकडे त्याच्या तोंडी ‘गेट’ जवळजवळ येतच नाही. तो ‘रिसीव्ह’ म्हणतो, ‘बिकम’ म्हणतो, ‘अराइव्ह’ म्हणतो, ‘ऑब्टेन’सुद्धा म्हणतो. व्याकरण बरोबर असतं, पण मित्राशी बोलताना कुणी सरकारी पत्र वाचून दाखवावं तसं ते ऐकू येतं.

सिंगापूर, तैवान, हाँगकाँग, शांघाय अशा ठिकाणी राहणारे किंवा घरी बसून ऑनलाइन शिकवणारे बरेच मराठी शिक्षक आता चिनीभाषकांना इंग्रजी शिकवतात. त्यातल्या नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. आधी एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. जुलै 2021 मध्ये चीन सरकारने शालेय शिकवण्यांवर कडक नियम आणले आणि परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून मुलांना शिकवून घ्यायला शिकवणी कंपन्यांना मनाई केली. त्यामुळे मुख्य भूमीवरून तुमच्याकडे येणारा विद्यार्थी बहुधा प्रौढ असेल: नोकरी करणारा, परदेशी जायच्या तयारीत असलेला किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला बसणारा. खालची सगळी पद्धत असाच विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ‘गेट’चे अर्थ पंचवीस असोत की पन्नास, त्यांची यादी विद्यार्थ्याच्या हातात देऊ नका. बहुतेक अर्थांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आधी एक स्थिती होती, आता दुसरी आली. वस्तू हाती नव्हती, आली. माणूस तिथे नव्हता, पोचला. भूक नव्हती, लागली. आणि अशी पालटलेली स्थिती दाखवायची सोय चिनी भाषेत फार नेटकी आहे. विद्यार्थ्याजवळ ते व्याकरण लहानपणापासून आहे. त्याच्यावरच ‘गेट’ बसवायचं.

अर्थांची यादी का चालत नाही, हे मराठी माणसाला ‘लागणे’वरून लगेच कळेल. भूक लागते, नोकरी लागते, फोन लागतो, ठेच लागते, वेळ लागतो, चहा गोड लागतो, जावं लागतं, मूल बोलू लागतं. परक्या माणसाला या आठ वाक्यांसमोर आठ भाषांतरं लिहून दिली, तरी नववं वाक्य त्याला स्वतःहून सुचणार नाही.

आधी विद्यार्थी ओळखा

‘चायनीज बोलतो’ एवढ्या माहितीवर थांबू नका. चिनीचे अनेक प्रकार आहेत; घरी त्यातलं मँडरिन बोलतो, कँटोनीज बोलतो की होक्किएन, हे पहिल्याच तासाला विचारा. व्याकरणाच्या बाबतीत पुढचं बरंचसं सगळ्यांना लागू पडतं, उच्चाराच्या बाबतीत मात्र फरक पडतो. या लेखातली चिनी उदाहरणं मँडरिनची आहेत. देवनागरीत ती कानाला ऐकू येतात तशी लिहिली आहेत, सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणारे आवाजाचे चढउतार, दाखवलेले नाहीत. ते विद्यार्थ्याकडूनच ऐकून घ्या. आपल्या भाषेतला शब्द शिक्षक समजून घेतोय हे पाहून तो मोकळा होतो, हा अनुभव मला नेहमी येतो.

शाळेत तो काय शिकला तेही विचारा. चीनमध्ये 2001 पासून प्राथमिक तिसरीपासून इंग्रजी शिकवायचं धोरण आलं. म्हणजे तिशीच्या आतल्या बहुतेकांनी ‘गेट’ वर्षानुवर्षं वहीत लिहिलेलं असतं. रिकाम्या जागा भरा म्हटलं तर ते अचूक भरतात. अडतं ते तोंडाने बोलताना.

उच्चार पंधरा मिनिटांत उरका, पण टाळू नका

मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘त’ येत नाही. तिथे अक्षर स्वरावर संपतं, नाहीतर ‘न’, ‘ङ’ किंवा ‘र’ यांवर. म्हणून विद्यार्थी एक तर ‘गे’ म्हणून थांबतो किंवा मागे स्वर जोडून ‘गेटऽ’ म्हणतो. सुरुवातीचा ‘ग’ही आपल्यासारखा घोष, म्हणजे घशात कंप होऊन निघणारा, नसतो. मँडरिनमध्ये भेद असतो तो ‘क’ आणि ‘ख’ यांचा. रोमन लिपीत ‘जी’ (g) हे अक्षर लिहिलं तरी तिथला उच्चार आपल्या ‘क’च्या जवळ जातो. शेवटचा ‘ट’ गळाला की जे उरतं ते ‘केइ’ या मँडरिन शब्दासारखं ऐकू येतं, आणि ‘केइ’ म्हणजे देणे. घेण्याच्या क्रियापदाला देण्याचा उच्चार चिकटला तर विद्यार्थ्याचाच गोंधळ होतो.

यावर उपाय म्हणजे ‘गेट’ एकटं म्हणायला लावायचंच नाही. पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडून द्यायचा: ‘गे-टप’, ‘गे-टिट’, ‘गे-टाउट’. इथे ‘ट’ पुढच्या अक्षराचा होतो आणि सहज निघतो. विद्यार्थ्याला अमेरिकन बोलणं ऐकायची सवय असेल तर तिथे ‘गेडिट’सारखा आवाज येतो, हेही सांगून टाका. नाहीतर मालिका बघताना त्याला तो शब्द ओळखू येणार नाही. कँटोनीज बोलणाऱ्याकडे शेवटचा ‘त’ असतो, पण तो जीभ टेकवून तिथेच थांबवलेला असतो. त्याच्यासाठी हीच जोडाजोडी पुरेशी होते.

पहिला धडा: ‘तऽताओ’ फोडून दाखवा

विद्यार्थ्याच्या डोक्यात ‘गेट’समोर एक शब्द पक्का लिहिलेला असतो: ‘तऽताओ’, म्हणजे प्राप्त होणे. अडचण अशी की ‘तऽताओ’ हा थोडा भारदस्त शब्द आहे. मान मिळतो, संधी मिळते, मदत मिळते तिथे तो शोभतो. दुकानातून दूध आणलं तर कुणी ‘तऽताओ’ म्हणत नाही, ‘माइ’ म्हणजे विकत घेणे हेच वापरतात. त्यामुळे ‘आय गॉट सम मिल्क ऑन द वे होम’ हे वाक्य विद्यार्थ्याला समजतं, पण त्याच्या तोंडून येतं ‘आय बॉट’. ते चूक नाही, म्हणून कुणी सुधारतही नाही, आणि ‘गेट’ मागे पडतं ते पडतंच.

या शब्दाचे दोन तुकडे करा. मागचा ‘ताओ’ घ्या. एकटा वापरला की तो पोचणे दाखवतो. दुसऱ्या क्रियापदाच्या मागे लागला की ते काम फळाला आलं असं सांगतो. ‘माइ’ म्हणजे विकत घेणे, ‘माइताओ’ म्हणजे घ्यायला गेलो आणि मिळालं. ‘चाओ’ म्हणजे शोधणे, ‘चाओताओ’ म्हणजे सापडलं. ‘शोउताओ’ म्हणजे पत्र किंवा निरोप येऊन पोचला. आता फळ्यावर तीन इंग्रजी वाक्यं एकाखाली एक लिहा:

आय गॉट युअर मेसेज.
आय गॉट अ टिकेट.
आय गॉट टू द स्टेशन.

प्रत्येकाचं चिनी भाषांतर विद्यार्थ्यालाच लिहायला सांगा. पहिल्यात तो ‘शोउताओ’ लिहील, दुसऱ्यात ‘माइताओ’, तिसऱ्यात नुसतं ‘ताओ’. तिन्हींत ‘ताओ’ला गोल करा आणि तिन्हींत ‘गॉट’ला गोल करा. यापुढे काही समजावून सांगायची गरज सहसा पडत नाही. मिळणे आणि पोचणे हे दोन अर्थ इंग्रजीने एका शब्दात का कोंबले, हा प्रश्नच उरत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेनेही तेच केलेलं असतं.

पुढचा ‘तऽ’ही उपयोगाचा आहे. बक्षीस मिळालं तरी चिनी माणूस ‘तऽ’ म्हणतो आणि आजार झाला तरी ‘तऽ’च म्हणतो. इंग्रजीही दोन्हीकडे ‘गेट’ वापरते: ‘शी गॉट अ प्राइझ’, ‘शी गॉट द फ्लू’. मराठीत आपण एकीकडे मिळालं म्हणतो आणि दुसरीकडे झाला. म्हणजे इथे विद्यार्थी आपल्यापेक्षा पुढे आहे.

याच तासात दोन चुका दुरुस्त करून टाका. पहिली, ‘गेट टू होम’. ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्याआधी ‘टू’ येत नाही. चिनीत ‘ताओ च्या’, म्हणजे घरी पोचणे, यातही मध्ये काही येत नाही, तेव्हा ‘गेट होम’ची जोडी तिथेच लावून द्या. दुसरी, कुणासाठी काही आणणे. ‘कॅन यू गेट मी अ कॉफी?’ या वाक्यासाठी चिनीत ‘केइ वो’ असं सुरू होतं, आणि त्यात तोच देण्याचा ‘केइ’ असतो. मग विद्यार्थी ‘गिव्ह मी बाय अ कॉफी’ असं काहीतरी बोलून जातो. ‘गेट मी’, ‘गेट यू’, ‘गेट हर’ या जोड्या तोंडपाठ करून घेणं हाच इथला सोपा मार्ग.

दुसरा धडा: ‘लऽ’ आणि बदलणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते ‘गेट’ची खरी किल्ली याच धड्यात आहे.

मँडरिनमध्ये वाक्याच्या शेवटी ‘लऽ’ हा छोटासा शब्द येतो आणि आधी नव्हतं ते आता झालं असं सांगतो. ‘थ्येन हेइ’ म्हणजे आकाश काळं, ‘थ्येन हेइ लऽ’ म्हणजे अंधार पडला. ‘वो अऽ लऽ’ म्हणजे मला भूक लागली. ‘फांग लऽ’ म्हणजे जाड झाला, ‘लाओ लऽ’ म्हणजे म्हातारा झाला, ‘शीक्वान लऽ’ म्हणजे सवय झाली. यातल्या प्रत्येकाला बोलीतल्या इंग्रजीत ‘गेट’ चालतं: ‘इट गॉट डार्क’, ‘आय गॉट हंग्री’, ‘ही गॉट फॅट’, ‘ही गॉट ओल्ड’, ‘आय गॉट यूज्ड टू इट’.

शाळेत मात्र विद्यार्थ्याला ‘लऽ’ म्हणजे भूतकाळ असं वरवर सांगितलेलं असतं किंवा त्याने तसं धरून चाललेलं असतं. म्हणून तो ‘इट वॉज डार्क’ म्हणतो. अंधार होता आणि अंधार पडला यांतला फरक त्याला चिनीत स्वच्छ दिसतो, इंग्रजीत मात्र पुसला जातो. यासाठी एक साधी कृती आहे. फळ्यावर दोन वर्तुळं काढा, मध्ये बाण. डाव्या वर्तुळात आधीची स्थिती, उजव्यात नंतरची. उजव्या वर्तुळाबद्दल बोलायचं तर ‘बी’ क्रियापद, बाणाबद्दल बोलायचं तर ‘गेट’. मग जोड्या विचारत जा. ‘शी वॉज मॅरीड’: वर्तुळ. ‘शी गॉट मॅरीड लास्ट मे’: बाण. ‘आय वॉज लॉस्ट’: वर्तुळ. ‘आय गॉट लॉस्ट निअर द मार्केट’: बाण. विद्यार्थ्याने बोट कुठे ठेवायचं एवढंच दाखवायचं. पाच-सहा जोड्यांनंतर बोट आपोआप योग्य जागी जातं.

‘मॅरीड’ इथे मुद्दाम घेतलं आहे. ‘च्येहुन लऽ’ या चिनी शब्दांचा अर्थ संदर्भाप्रमाणे लग्न झालेलं आहे असाही होतो आणि लग्न झालं असाही. म्हणजे ‘लऽ’ दिसला की डोळे मिटून ‘गेट’ लावता येत नाही, बाण आहे की वर्तुळ हे विचारावंच लागतं. शिवाय चिनीत लग्न ‘कन’ म्हणजे कुणाच्या सोबत होतं, म्हणून ‘गेट मॅरीड विथ’ ही चूक हमखास होते. मराठीत आपलं लग्नही कुणाशी तरी होतं आणि आपणही ‘विथ’ लावून मोकळे होतो. तेव्हा ‘गेट मॅरीड टू’ आधी स्वतःच्या जिभेवर पक्कं करा.

‘गेटिंग’ म्हणजे चालू असलेला बदल. चिनीत यासाठी ‘युए लाइ युए’ अशी रचना आहे, अधिकाधिक या अर्थाची. ती विद्यार्थ्याच्या इंग्रजीत जशीच्या तशी उतरते: ‘द वेदर इज मोअर अँड मोअर कोल्ड’. ही चूक तुम्ही इतक्या वेळा ऐकाल की तिचं उत्तर तयार ठेवायला हवं: ‘इट्स गेटिंग कोल्डर’. एवढंच शिकवलं तरी विद्यार्थ्याचं बोलणं एकदम सुटं वाटायला लागतं. हवा, किमती, मुलांची उंची, ऑफिसातली गर्दी असे विषय द्या आणि प्रत्येकावर एक ‘गेटिंग’चं वाक्य मागा.

विशेषणाच्या रूपाकडेही लक्ष असू द्या. चिनीभाषक ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणतो, आपल्याकडची मुलं ‘आय ॲम गेटिंग बोअर’ म्हणतात. दोघांनाही हवं असतं ते ‘गेटिंग बोअर्ड’. ‘टायर्ड’, ‘कन्फ्यूज्ड’, ‘एक्सायटेड’ हे शब्द याच ओळीत बसवा.

तिसरा धडा: चढणे, उतरणे, उठणे

हा धडा लवकर होतो. ‘शांग छऽ’ म्हणजे गाडीत चढणे, ‘श्या छऽ’ म्हणजे उतरणे, ‘छी छ्वांग’ म्हणजे अंथरुणातून उठणे. क्रियेची दिशा वेगळ्या शब्दाने सांगायची सवय चिनीभाषकाला आहेच. इंग्रजीत चार जोड्या त्याच्याकडून पक्क्या करून घ्या: बस, ट्रेन आणि विमानाला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’, मोटार आणि टॅक्सीला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. उभं राहता येतं किंवा चालता येतं अशा वाहनाला ‘ऑन’, वाकून आत बसावं लागतं त्याला ‘इन’, एवढा नियम पुरे.

इथे खरा धोका आपल्याकडून आहे. आपण भारतीय इंग्रजीत ‘आय विल गेट डाउन ॲट दादर’ म्हणतो आणि आपल्यात ते कुणाला खटकत नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला मात्र ‘गेट डाउन’ म्हणजे खाली वाका किंवा शिडीवरून, झाडावरून खाली या असं वाटतं. तुमचा विद्यार्थी लंडनला किंवा टोरांटोला जाणार असेल तर त्याला ‘गेट ऑफ’च द्या, आणि तासात तुमच्या तोंडून ‘गेट डाउन’ निघणार नाही याची काळजी घ्या.

चौथा धडा: कळणे

समजणे या अर्थाचं ‘गेट’ तरुण विद्यार्थ्यांना शिकवावं लागत नाही, फक्त बाहेर काढावं लागतं. चीनमधली तरुण मंडळी इंटरनेटवरच्या बोलण्यात हाच इंग्रजी शब्द चिनी वाक्यात घालतात: ‘गेट ताओ लऽ’ म्हणजे मुद्दा कळला, ‘गेट पु ताओ’ म्हणजे यात काय विशेष आहे ते काही कळत नाही. बघा, इथेही ‘ताओ’ येऊन चिकटलाच. विद्यार्थ्यालाच विचारा की तुम्ही हे वापरता का, आणि मग ‘आय डोंट गेट द जोक’, ‘डू यू गेट माय पॉइंट?’ या वाक्यांवर या.

एक चूक मात्र हटकून येते: ‘आय गेट युअर मीन’. ‘ई-स’ या चिनी नामाचा अर्थ मतलब, आणि विद्यार्थी त्या नामाच्या जागी ‘मीन’ हे क्रियापद ठेवून देतो. ‘आय गेट व्हॉट यू मीन’ हे पूर्ण वाक्य एका दमात म्हणायला लावा, तुकडे पाडू नका.

‘आय गेट इट’ आणि ‘गॉट इट’ यांतला भेदही इथेच सांगा. पहिलं म्हणजे समजतंय मला. दुसरं बहुधा सूचना मिळाल्यावरचं उत्तर: कळलं, करतो. चिनीत साहेबाच्या सूचनेला ‘च-ताओ लऽ’ म्हणतात, तिथे ‘गॉट इट’ अगदी चपखल बसतं. हा ‘ताओ’ मात्र पहिल्या धड्यातला नव्हे, याचं अक्षर वेगळं आहे. विद्यार्थी तुम्हाला सांगेलच, पण तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

पाचवा धडा: दुसऱ्याकडून करून घेणे

विद्यार्थी नवीन केशरचना करून येतो आणि म्हणतो, ‘आय कट माय हेअर यस्टरडे’. चिनीत तो तसंच म्हणतो, ‘वो च्येन थोउफा लऽ’, आणि स्वतः कात्री हातात घेतली असं कुणी समजत नाही. मराठीतही ‘मी काल केस कापले’ खपून जातं. इंग्रजीत मात्र याचा सरळ अर्थ स्वतःच कापले असा होतो. मराठीजवळ ‘कापून घेतले’ ही सोय आहे, तेव्हा तुम्हाला ‘आय गॉट माय हेअर कट’ची रचना लगेच पटेल. विद्यार्थ्याला ती मुद्दाम बांधून द्यावी लागते, कारण चिनीत याला अशी नेमकी जोडी नाही.

शब्दांचा क्रम कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा: ‘आय’, ‘गॉट’, ‘माय फोन’, ‘फिक्स्ड’. चिठ्ठ्या हलवून तीन वाक्यं करून दाखवा. ‘आय फिक्स्ड माय फोन’: मी स्वतः दुरुस्त केला. ‘आय गॉट माय फोन फिक्स्ड’: दुकानातून करून घेतला. ‘माय फोन गॉट फिक्स्ड’: दुरुस्त झाला एकदाचा, कुणी केला ते महत्त्वाचं नाही. मग चष्मा, गाडी, पासपोर्टचा फोटो, दाढेत भरलेलं सिमेंट, घराचा रंग असे त्याच्या रोजच्या जगण्यातले विषय द्या. या धड्याला घाई करू नका, दोन तास लागले तरी हरकत नाही.

दुसरा भाग माणसाकडून काम करवून घेण्याचा. इथे चिनी भाषेतला ‘रांग’ हा शब्द आडवा येतो. करू देणे, करायला लावणे, करायला सांगणे, सगळ्याला ‘रांग’ चालतो. शब्दकोशात त्याच्यासमोर पहिला शब्द ‘लेट’ असतो, म्हणून विद्यार्थी म्हणतो, ‘माय बॉस लेट मी वर्क ऑन संडे’. त्याला म्हणायचं असतं की साहेबांनी रविवारी कामाला लावलं. ऐकणाऱ्याला वाटतं, याची फार इच्छा होती आणि साहेबांनी परवानगी दिली.

मराठीत या तिन्ही छटा वेगळ्या आहेत, आणि त्या तुमच्या मनात स्वच्छ असल्या तर शिकवणं सोपं जातं. त्याला येऊ दिलं: ‘लेट हिम कम’. त्याला यायला लावलं: ‘मेड हिम कम’. त्याला यायला राजी केलं: ‘गॉट हिम टू कम’. ‘गेट’मध्ये समजावणं, मागे लागणं, काहीतरी खटपट करणं आहे. आणि या तिघांत फक्त ‘गेट’लाच ‘टू’ लागतो. लहान मुलाला भाजी खायला घालण्याचा प्रसंग देऊन तिन्ही वाक्यं विद्यार्थ्याकडून काढून घ्या. आई-वडील असलेले विद्यार्थी यावर भरभरून बोलतात.

सहावा धडा: ‘पेइ’ची जागा

‘गॉट फायर्ड’, ‘गॉट रॉब्ड’, ‘गॉट कॉट’ ही कर्मणी रचना चिनीभाषकाला जड जात नाही. मँडरिनमध्ये कर्मणीसाठी ‘पेइ’ येतो, आणि परंपरेने त्याला काहीतरी वाईट घडल्याचा वास आहे. बोलीतल्या इंग्रजीतलं कर्मणी ‘गेट’ही पुष्कळदा तशाच प्रसंगी येतं. चांगल्या गोष्टींना मात्र, बढती मिळणे किंवा आमंत्रण येणे यांना, विद्यार्थ्याला ‘पेइ’ सहसा सुचत नाही. म्हणून ‘गॉट प्रमोटेड’ आणि ‘गॉट इन्व्हायटेड’ वेगळे सांगा.

सातवा धडा: ‘गॉट’ची गुंतागुंत

चिनी क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे बदलत नाही. ‘गेट, गॉट, गॉटन, गेटिंग’ ही साखळीच त्याच्यासाठी ओझं आहे. त्यात ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे नुसतं माझ्याकडे गाडी आहे, चिनीतलं ‘योउ’. दिसायला पूर्ण वर्तमानकाळ, अर्थ साधा वर्तमान. अमेरिकन इंग्रजीत मिळवलं या अर्थी ‘हॅव गॉटन’ म्हणतात आणि आहे या अर्थी ‘हॅव गॉट’. ब्रिटिश दोन्हीकडे ‘गॉट’ ठेवतात. विद्यार्थी कुठे जाणार आहे ते पाहून एक रीत निवडा आणि तीच शेवटपर्यंत धरा.

मग ‘गॉट टू’. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावं लागणार. ‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. एकात सक्ती, दुसऱ्यात संधी. आपण लागणे आणि मिळणे यांनी हे वेगळं ठेवतो. विद्यार्थ्यासाठीही त्याच्या भाषेत आधार आहे, आणि तो मला फार आवडतो: ‘तऽताओ’मधलं जे पहिलं अक्षर, तेच अक्षर ‘तेइ’ असं वाचलं की अर्थ होतो करावंच लागेल. एकाच अक्षरात मिळणंही आहे आणि करावं लागणंही. ते अक्षर विद्यार्थ्यालाच फळ्यावर लिहायला सांगा, दोन्ही उच्चार म्हणायला सांगा आणि शेजारी ‘गॉट’ लिहा.

उरलेल्या जोड्या

‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’, ‘गेट अलाँग’, ‘गेट अवे विथ’ या सगळ्यात शेवटी. 2004 साली ‘लँग्वेज लर्निंग’ या नियतकालिकात चिनीभाषक विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास आला होता. मध्यम पातळीवरचे विद्यार्थी अशा जोडक्रियापदांऐवजी एका शब्दाचं क्रियापद पसंत करतात, आणि पातळी वाढली की हे टाळणं कमी होतं, असं त्यात दिसलं. तुम्हालाही हेच दिसेल. म्हणून जोडी पाठ करायला देण्यापेक्षा ती कुठे ऐकू येते ते शोधायला द्या. विद्यार्थी बघत असलेल्या इंग्रजी मालिकेचा एक भाग घ्या. त्यात ऐकू आलेलं प्रत्येक ‘गेट’ त्याने वहीत पूर्ण वाक्यासकट उतरवावं आणि समोर खूण करावी: बाण हातात वस्तू येण्याचा आहे, जागेवर पोचण्याचा, स्थिती बदलण्याचा की कुणाकडून करून घेण्याचा. जे वाक्य कुठेच बसत नाही ते तासाला आणावं. नव्या जोड्या तिथून शिकवा, म्हणजे प्रत्येकीला प्रसंग आणि बोलणारा माणूस चिकटलेला असतो. ‘गेट बॅक इट’ नव्हे, ‘गेट इट बॅक’, हा क्रमही अशाच ऐकलेल्या वाक्यांतून दाखवा.

लिहिताना कुठे थांबायचं

बोलण्यात ‘गेट’ मोकळं झालं की ते निबंधात घुसतं. आयेल्ट्सच्या लेखी परीक्षेत ‘पीपल गेट मोअर मनी’ यापेक्षा ‘अर्न’, ‘गेट बेटर’पेक्षा ‘इम्प्रूव्ह’, ‘गेट इन्फर्मेशन’पेक्षा ‘ऑब्टेन’ शोभून दिसतं. इथे विद्यार्थ्याचे जुने पाठ केलेले शब्द कामाला येतात. त्याला एकच मजकूर दोनदा लिहायला द्या: एकदा सहकाऱ्याला पाठवायचा निरोप म्हणून, एकदा परीक्षेतला परिच्छेद म्हणून. निरोपात किमान चार ‘गेट’ हवेत, परिच्छेदात एकही नको. दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासा. निरोपात ‘रिसीव्ह’ किंवा ‘बिकम’ दिसला तर त्याखाली रेघ मारा आणि दुसऱ्या धड्यातली वर्तुळं पुन्हा काढा.